त्याला सांग

मला पगार मिळायचा चॉकलेटं गुंडाळायचा, पण माझी हाडं झिजली ती निरोप पोचवण्यात. आणि निरोप तरी कुठून कुठं न्यायचा? आबांच्या तोंडापासून तात्यांच्या कानापर्यंत. दोघं सख्खे भाऊ, एकाच भट्टीपुढं उभे, मधे अंतर फार तर दोन हातांचं. आबा तात्यांकडं न बघता मला म्हणायचे, "त्याला सांग, पाक झालाय." मी कागदाला पीळ देता देता मान वर करून म्हणायची, "तात्या, पाक झालाय." तात्या मलाच म्हणायचे, "ऐकलं." मग दोघं दोन बाजूंनी कढई उचलून पाक फरशीवर ओतायचे. एवढं झालं की मी पुन्हा खाली मान घालायची, पुढचा निरोप येईपर्यंत.

नवीन बाई कामाला लागली की पहिले काही दिवस तिला हसू आवरायचं नाही. पदर तोंडात कोंबून बसायची. मी तिला कोपरानं ढोसायची आणि म्हणायची, हस, पण आवाज नको. मला स्वतःला कधी हसू आलं नाही, कारण हे कशावरून सुरू झालं ते मी डोळ्यांनी बघितलं होतं. ते सांगणारच आहे. पण आधी आबा कोण ते कळायला हवं, नाहीतर तुम्ही त्यांना नुसता आडमुठा म्हातारा म्हणाल आणि मोकळे व्हाल. आडमुठे तर ते आहेतच.

इंदापूरहून बारामतीकडं जाताना निमगाव केतकी सोडलं की थोड्या अंतरावर पानमळ्यामागं एक लांब पत्र्याची शेड लागते. दारावर पाटी आहे, 'चॉकलेट फॅक्टरी व संग्रहालय'. पाटी वाचून पुण्याकडची माणसं गाडी वळवतात, उतरतात, आणि आधी शेडकडं बघतात, मग एकमेकांकडं. त्यांच्या डोक्यात काय असतं देव जाणे. आमच्याकडं कागदात पिळलेलं गोड काहीही असलं की ते चॉकलेट. लिंबाचं, संत्र्याचं, बडीशेपेचं. साखरेचा पाक कडक होईस्तोवर उकळायचा, फरशीवर ओतायचा, रंग-वास घालून ओढायचा आणि साच्यातून काढायचा. कोको वगैरे फार पुढं तात्यांच्या लेकीनं आणलं, ती शिकून आल्यावर. आबा त्याला चॉकलेट म्हणायला अजून तयार नाहीत. "ते काळं संपलं का बघ," एवढंच म्हणतात.

फॅक्टरी काढली त्यांच्या वडिलांनी. पुण्यात कुणाच्या तरी गोळ्यांच्या कारखान्यात राबून ते एक तांब्याची कढई आणि एक पितळी साचा घेऊन गावी आले. त्यांना मी बघितलेलं नाही. पण त्यांची एक पद्धत शेवटपर्यंत चालली. बाकीच्या ठिकाणी पाक ओढायला भिंतीला लोखंडी आकडा असतो. गरम गोळा आकड्यावर टाकायचा, ओढून लांब करायचा, दुमडून पुन्हा टाकायचा. असं करत गेलं की पाकात हवा भरते, तो पांढरा होतो, रेशमासारखा चकाकतो. आमच्याकडं आकडा नव्हता. वडिलांनी दोन पोरांना समोरासमोर उभं केलं, हाताला तेल लावलं आणि एकेक टोक हातात दिलं. तेव्हापासून आबा आणि तात्या हाच आमचा आकडा. एकानं ओढायचं, दुसऱ्यानं सोडत सोडत पुढं यायचं, दोन्ही टोकं जुळवायची, पुन्हा मागं सरायचं. गोळा गरम आहे तोवरच हे जमतं. मधेच थांबलं तर त्याची काच होते, आणि एकानं हात सोडला तर सगळा जमिनीवर.

म्हणून आबांचं एक वाक्य ठरलेलं होतं. पाक थांबत न्हाय. जेवायला बोलावलं, पाक थांबत न्हाय. पाहुणे येऊन बसलेत, पाक थांबत न्हाय. पुतणीच्या साखरपुड्याला सगळे गाडीत बसले होते आणि आबा भट्टीपुढं, कारण पाक थांबत नव्हता. तात्यांची बायको, आम्ही त्यांना काकी म्हणायचो, ती माउली गाडीतून उतरून पुन्हा चुलीपाशी गेली आणि चहा टाकून बसली.

संग्रहालय म्हणजे शेडचीच एक खोली, मधे पत्र्याची भिंत. आत वडिलांची कढई, माशाचे, पेरूचे, पोपटाचे पितळी साचे, जाड काचेच्या बरण्या आणि भिंतभर चॉकलेटचे कागद सपाट करून काचेखाली लावलेले. आसपासचे गोळ्यांचे कारखाने एकेक करून बंद पडत गेले, तसे आबा टेम्पो घेऊन जायचे आणि त्यांचं सामान उचलून आणायचे. अकलूज, बारामती, एकदा तर कोऱ्हाळ्याला जाऊन एक मोडका साचा घेऊन आले, त्याला दिवसभर चिंच लावून घासत बसले. "भंगारात जाण्यापरीस हितं येऊ दे," म्हणायचे. काकी म्हणायच्या, आबांना मेलेल्या कारखान्यांच्या मयतीला जायचा नाद आहे. म्हणायच्या हळू, पण आबांना ऐकू जाईल इतपत.

बघायला येणाऱ्यांसाठी आबांचे कायदे होते. चपला बाहेर. हात साबणानं धुवायचे, कोपरापर्यंत, मग तो साहेब असो नाहीतर शेंबडं पोर असो. मग प्रत्येकाला एक लिंबाचं चॉकलेट, आणि ते चघळायचं. चावायचं नाही. आबा बोलत असताना कुणाच्या दाताखाली कडकन वाजलं की ते बोलायचे थांबत. एकदा काटेवाडीकडच्या शाळेची सहल आली होती. पोरं बिचारी गप चघळत होती, आणि वाजलं ते मुख्याध्यापिकाबाईंच्या तोंडात. आबांनी बरणी उघडली, त्यांच्या हातावर दुसरं चॉकलेट ठेवलं आणि म्हणाले, "बाई, परत पयल्यापासनं." सगळी शाळा उभी राहिली बाईंचं चॉकलेट विरघळेपर्यंत. बाई लालबुंद झाल्या होत्या. पण खरं सांगते, पुढच्या वर्षी त्याच बाई पुन्हा सहल घेऊन आल्या.

पाहुण्यांपुढं आबांचं तोंड थांबायचं नाही. एरवी दिवसात चार शब्द बोलणारा माणूस, तिथं मात्र तासभर. आणि बोलायचे कुणाबद्दल? तात्यांबद्दल. हे रूळ माझ्या भावानं बसवलं. ह्या साच्याची धार माझ्या भावानं काढली. पाक कुठवर आलाय ते माझा भाऊ नुसत्या वासावर सांगतो, असा हात जिल्ह्यात न्हाय. हे सांगताना त्यांचा आवाज उगीच चढायचा. पत्र्याच्या भिंतीपलीकडं तात्या असायचे, आणि मला दोन्ही बाजू दिसायच्या. आबा चढ्या आवाजात बोलायला लागले की तात्या साच्याचे फिरते रूळ थांबवायचे. चालू ठेवले तर ऐकू येत नाही ना. ऐकून झालं की पुन्हा फिरवायला लागायचे, आणि चेहऱ्यावर काही नाही. मला कधी कधी इतका राग यायचा दोघांचा, वाटायचं पत्रा उचकटून टाकावा आणि म्हणावं, बघा एकमेकांकडं.

खोलीच्या कोपऱ्यात, सगळ्यात शेवटी, एक बरणी आहे. तिच्यात पांढरी चॉकलेटं, कागद न लावलेली. झाकण लाखेनं बंद केलंय, तरी वर्षानुवर्षांच्या दमट हवेनं ती एकमेकांना चिकटून त्यांचा एकच गोळा झालाय. सगळ्या वस्तूंपुढं माहितीची चिठ्ठी, ह्या बरणीपुढं नाही. कुणी विचारलं तर आबा म्हणायचे, "ती इकायची न्हाय," आणि दाराकडं चालायला लागायचे. संग्रहालय हे सगळं पुढं जमलं. आधी ती एकटी बरणीच फळीवर होती.

आता ते सांगते.

मी कामाला लागून थोडेच दिवस झाले होते. आजी, म्हणजे ह्या दोघांची आई, शेडमागच्या घरात खाटेवर पडून होती. दुखणं म्हातारपणाचंच. त्या दिवशी दुपारी बडीशेपेचा पाक होता. आजीला बडीशेपेचंच आवडायचं. दोघा भावांनी गोळा नुकताच हातात घेतला होता, दोन-चार वेळा दुमडला असेल, आणि काकी मागच्या दारात आल्या. ओरडल्या नाहीत. म्हणाल्या, "आत्याबाई बोलावत्यात. दोघांनाबी. लगेच चला."

तात्यांचे हात थांबले. त्यांनी आबांकडं बघितलं. आबा म्हणाले, "एवढं ओढून हुतंय. पाक थांबत न्हाय."

आबांची बाजू मी मनात पुष्कळ वेळा उलटून पालटून बघितली आहे. आजी त्याआधीही सारखी बोलवायची. पाणी द्या, पंखा कमी करा, उगीच तोंड बघायचंय म्हणून या. दर वेळी दोघं पाक उरकून जायचे आणि आजी "आलासा व्हय रं" म्हणून हसायची. पण त्या दिवशी काकींच्या तोंडाकडं बघितलं असतं तर कळलं असतं. मला कळलं, मी तर परकी होते. आबांनी बघितलं नाही. त्यांची नजर गोळ्यावर होती, रंग फिरत होता. तात्यांनी बघितलं होतं, आणि तरी ते ओढत राहिले. दोघं पुढं मागं, पुढं मागं. गोळा पांढरा झाला. साच्यातून काढून झाला. मग आबांनी हात धुतले, तात्यांनाही धुवायला लावले, साबणानं, कोपरापर्यंत. दोघं मागच्या दारानं घरात गेले तेव्हा आजी गेलेली होती.

घर आणि शेड ह्यात एक तुळस आणि धुण्याचा दगड, एवढंच अंतर. तात्या त्या दगडावर बसले होते. आबा समोर आले तेव्हा म्हणाले, "तू सोडलं न्हाईस, दादा." त्यानंतर ते आबांशी बोलले नाहीत.

मला विचाराल तर तात्यांचा राग निम्मा आबांवर होता आणि निम्मा स्वतःवर. दुसरं टोक त्यांच्या हातात होतं. सोडायचं असतं तर सोडता आलं असतं, पाक जमिनीवर पडला असता, आबा दोन दिवस फुगले असते, संपलं असतं. पण लहानपणापासून सोडायचं नाही म्हणून शिकवलेले ते हात ऐन वेळी सुटले नाहीत. हे त्यांना कळत होतं, म्हणूनच तो राग जाईना. दुसऱ्याला माफ करता येतं हो, पण स्वतःचे हात कुठं ठेवायचे?

त्या दिवसाचं चॉकलेट आबांनी विकू दिलं नाही. बरणीत भरलं, झाकण लावलं. आजीचं दिवसकार्य झालं आणि भट्टी पुन्हा पेटली. दोघं जागेवर येऊन उभे राहिले. पाक उकळायला लागला, कडक व्हायला आला, आता बोलणार कोण? आबांनी आजूबाजूला बघितलं. मी सगळ्यात जवळ बसले होते. म्हणाले, "पोरी, त्याला सांग, पाक झालाय." झालं. मी जी त्या दिवशी निरोपी झाले ती झालेच.

घरात हे काम काकींकडं होतं, फॅक्टरीत माझ्याकडं. आबांचे निरोप असायचे असे की, त्याला सांग डोकं ठिकाणावर ठेव. मी म्हणायची, "तात्या, आबा म्हणतात जरा सावकाश घ्या." तात्या म्हणायचे, "तो असं म्हणाला न्हाय." त्यांच्या कानावर मूळ निरोप आधीच पडलेला असायचा, तरी माझ्या तोंडून आल्याशिवाय तो पोचला असं दोघंही धरायचे नाहीत. दुसऱ्या बायकांनी सांगून बघितलं, चाललं नाही. मी एकदा चिडून गप्प बसले. म्हटलं, आज मी मुकी. गोळा हातात, दुमडायची वेळ झाली, दुमड म्हणणार कोण? दोघं एकेक टोक धरून उभे राहिले, माझ्याकडं बघत, आणि संत्र्याच्या पाकाची सगळ्यांदेखत काच झाली. आबांनी टोक खाली ठेवलं आणि मला म्हणाले, "त्याला सांग, आजचा दिस गेला." ते मी सांगितलं.

माझ्या लेकाला टायफॉइड झाला तेव्हा मी घरी राहिले, तर भट्टीच पेटली नाही. काकी एसटीनं इंदापूरला माझ्या घरी आल्या. पिशवीत मोसंबी. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर म्हणाल्या, पोराला उतार पडला की या बाई, तिकडं दोघं न पेटलेल्या भट्टीपुढं बसून आहेत.

पण ह्या सगळ्यात एक निरोप असा होता की जो कधी आला नाही. संध्याकाळी बायका गेल्या, मी खोकी रचून पिशवी घ्यायला लागले की आबा जवळ यायचे. तात्या तिकडं साचे पुसत असायचे. आबा म्हणायचे, "त्याला सांग..." आणि थांबायचे. मी वाट बघायची. तात्यांचाही फडका थांबायचा. मग आबा म्हणायचे, "त्याला सांग, उद्या साखर येणार हाय." साखर येणार हे तात्यांना माहीत असायचं, त्यांनीच मागवलेली असायची. मला काय कळत नव्हतं व्हय? 'माझं चुकलं', एवढे दोन शब्द होते, आणि ते त्यांच्याच्यानं निघत नव्हते. मी मनात म्हणायची, बोला आबा, एकदा बोला, मी पळत नेऊन पोचवते. तात्याही त्यासाठीच फडका थांबवत होते, मी पैजेवर सांगते. साखर येणार हाय म्हटलं की ते पुन्हा पुसायला लागायचे.

अशी वर्षं गेली. माझ्या लेकाचं लग्न झालं. तात्यांची लेक शिकून आली, काळं चॉकलेट सुरू केलं, काचेचं कपाट केलं, येणाऱ्यांना बसायला बाकडी केली. तिनं एकदा दोघांना एका खोलीत बसवून दार ओढून घेतलं होतं. बऱ्याच वेळानं उघडलं तर आबा भिंतीवरचे कागद पुसत होते आणि तात्यांना बसल्या जागी झोप लागली होती.

मग तात्यांना कावीळ झाली. कावीळ म्हणता म्हणता पोटातलं दुसरंच दुखणं निघालं आणि त्यांना बारामतीला दवाखान्यात ठेवलं. काकी आणि लेक तिकडंच. आबा गेले नाहीत. मी म्हटलं, "आबा, एकदा बघून तरी या." म्हणाले, "त्यानं बोलावलं तर जाईन." मी म्हटलं, वीस वर्षं ज्याला बोलता आलं नाही तो बोलावील कसा? दुसऱ्या दिवशी सुतार बोलावून आबांनी भिंतीला आकडा मारून घेतला. एकटेच ओढायला लागले. आकडा काही पुढं येत नाही, त्यामुळं त्यांनाच पुढं जावं लागायचं, मागं यावं लागायचं. दम लागायचा. पाक झाला की सवयीनं माझ्याकडं बघायचे, तोंड उघडायचे आणि मिटायचे.

एका सकाळी मला तात्यांच्या लेकीचा फोन आला. रडत नव्हती. म्हणाली, "मावशी, बाबांनी बोलावलंय. आबांना आणि तुम्हाला. लगेच या."

लिंबाचा पाक भट्टीवर होता. आबा उलथण्यानं ढवळत होते. पाक अगदी होत आला होता, बुडबुडे जाड झाले होते. मी म्हटलं, "आबा, तात्यांनी बोलावलंय. लगेच." त्यांनी कढईकडं बघितलं. मी वाट बघत होते ती त्या वाक्याची. इतकी वर्षं ऐकलेलं, आता पुन्हा ऐकायचं म्हणून मी जीव मुठीत धरून उभी होते. आबांनी हातातलं उलथणं सोडलं. कढईतच सोडलं, आणि चालायला लागले. मी घाईनं भट्टी बंद केली. म्हटलं, आबा हात धुवा, हात चिकट झालेत. ते टेम्पोत जाऊन बसलेसुद्धा.

टेम्पो ड्रायव्हरनं चालवला, आबा होते तसेच आले. अंगात कामाचा बिनबाह्यांचा बनियन, कमरेला फडकं. मांडीवर दोन्ही हात उताणे ठेवून बसले होते. दवाखान्याच्या दारातल्या माणसानं अडवलं, तर मीच काहीबाही सांगून आत नेलं.

तात्या ओळखू येत नव्हते. पिवळे पडलेले, गाल बसलेले. डोळे मात्र जागेवर होते. त्यांनी आबांना वरपासून खालपर्यंत बघितलं, बनियन बघितला, फडकं बघितलं, आणि नजर हातांवर येऊन थांबली. बोटांवर साखर वाळून पांढरी झाली होती. मग ते माझ्याकडं वळले. आवाज अगदी बारीक झाला होता.

"ताई, त्याला इचार, पाक उतरवून आलाय का."

मी आबांकडं वळले. पण मला तोंड उघडायची वेळच आली नाही. आबा सरळ तात्यांकडं बघत म्हणाले, "न्हाय रं. तसाच टाकून आलो."

मी मनात म्हटलं, बोलले. संपलं एकदाचं. काकींनी पदर तोंडाला लावला. तात्या आबांकडं बघत राहिले, आणि त्यांचा चेहरा मऊ होत गेला असं मला वाटलं. मग ते बोलले. माझ्याशी नाही, आबांशी.

"मग आईच्या येळंला का न्हाय टाकलास, दादा?"

रागानं म्हणाले असते तर बरं झालं असतं. रागाचा मागमूस नव्हता त्यात. खरोखर कळून घ्यायचं होतं त्यांना, आणि विचारायला दुसरं माणूस नव्हतं. पाक टाकून येता येतो, जग बुडत नाही, हे आबांनी त्याच दिवशी करून दाखवलं होतं.

आबा उभेच होते. ओठ हलत होते. मग ते माझ्याकडं वळले आणि म्हणाले, "त्याला सांग..."

तात्याही माझ्याकडं बघायला लागले. दोघंही. मी त्यांच्या मधे उभी, आयुष्यभर उभी राहिले तशी. इतके निरोप मी पुसून पासून, गोड करून दिले होते, त्या वेळी एक बनवून सांगितला असता तर कुणी मला बोल लावला नसता. पण तो माझा नव्हता. तो आबांच्याच तोंडून यायला हवा होता, आणि तात्यांनाही तसाच हवा होता, नाहीतर ते तसे थांबून राहिले नसते. आबांनी पुन्हा म्हटलं, त्याला सांग. पुढं काही नाही. त्यांनी आपला चिकट हात तात्यांच्या हातावर ठेवला. तात्यांनी हात काढून घेतला नाही, पण डोळे मिटून घेतले. नर्स आली आणि म्हणाली, आता बाहेर थांबा.

त्याच रात्री तात्या बेशुद्ध झाले आणि पुढं चार दिवसांत गेले.

आम्ही शेडमधे परत आलो तेव्हा कढईतल्या पाकाचा दगड झाला होता, आणि त्यात उलथणं उभं होतं, जसं आबांनी सोडलं तसं. गरम करून काढता आलं असतं. मी पाणी तापवायला घेतलं, तर आबांनी पातेलं माझ्या हातातून घेऊन खाली ठेवलं. ती कढई आता संग्रहालयात आहे, कोपऱ्यात, आजीच्या बरणीशेजारी.

पाहुण्यांना हल्ली तात्यांची लेकच हिंडवते. छान सांगते, हसवते, काळं चॉकलेट खायला देते, चावलं तरी चालतं. तिनं सगळ्या वस्तूंपुढं नव्या छापील चिठ्ठ्या लावल्या. त्या दोन वस्तूंपाशी आल्यावर तिनं आबांना विचारलं, इथं काय लिहू? आबा म्हणाले, थांब, सांगतो. ती अजून थांबली आहे. लोक उलथणं बघून फोटो काढतात.

आबा भट्टीपुढं फारसे येत नाहीत. संग्रहालयाच्या दारातल्या बाकड्यावर बसून असतात, येणाऱ्यांचे हात धुतलेत का बघत. तेवढं सुटलेलं नाही. भिंतीवरचा आकडा आहे, पण ओढायला आता यंत्र आलंय.

संध्याकाळी मी खोकी रचते, पिशवी खांद्याला लावते आणि त्यांच्यासमोरून बाहेर पडायला लागते, तेव्हा ते हाक मारतात. "ए पोरी." पन्नाशी उलटली माझी, तरी 'पोरी'च. मी थांबते. ते कोपऱ्यातल्या त्या दोन वस्तूंकडं बघतात आणि म्हणतात, "त्याला सांग..."

कुणाला सांगू आणि कुठं जाऊन सांगू, हे मी त्यांना विचारत नाही. मी उभी राहते. कान देऊन उभी राहते, कारण बोललेच कधी तर ते ऐकायला कुणीतरी असावं. बाहेर रस्त्यावर गाड्या जात असतात. आबांचे ओठ हलतात, मग थांबतात.

"जा तू," ते म्हणतात. "एसटी चुकंल."